बोलोन्याला उतरायचं नाही

माझा मोठा मुलगा माणसांना बेशुद्ध करायचं काम करतो. ऑपरेशनच्या आधी झोपवतो, ऑपरेशन झालं की उठवतो. हॉस्पिटलात त्याला मान आहे. घरी त्याला सुई लागत नाही. तो बोलायला बसला की आमचे डोळे आपोआप मिटतात.

त्या वर्षी तो फेब्रुवारीपासून इटलीवर बोलत होता. जायचं होतं मेच्या शेवटी, नातीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी असते तेव्हा. तरी आमच्या लंडनच्या, एजवेअरच्या घरात रोज संध्याकाळी इटली. जेवताना इटली, भांडी मशीनमध्ये लावताना इटली. रोम बघायचं, तिथून गाडीनं फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्सहून गाडीनं व्हेनिस, व्हेनिसहून विमानानं घरी. गाड्यांची तिकिटं आधीच काढायची, कारण आधी काढली की स्वस्त पडतात. हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, कळलं, मी चौथी पास आहे, नापास नाही.

एजवेअरचं घर त्याचं. मी नवरा गेल्यावर लीड्सहून तिथे आले. लीड्सला नवरा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचा आणि मी त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चोवीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. तेव्हा लंडनला यायचं असलं की मी स्टेशनात जायची, खिडकीपाशी उभी राहायची, तिकीट मागायची आणि मिळेल त्या गाडीत मिळेल तिथे बसायची. दोन महिन्यांनंतर मी कुठल्या डब्यात कुठल्या खुर्चीवर असेन हे मला कधी ठाऊक नव्हतं. त्यावाचून काही अडलं नाही.

मुलानं चार संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे घालवल्या. तिथल्या रेल्वेच्या पानावर त्यानं फ्लॉरेन्स लिहिलं तर असं गावच नाही असं उत्तर आलं. नात पंधरा वर्षांची. ती मागून म्हणाली, बाबा, तिकडची माणसं त्याला फिरेन्झे म्हणतात. इतका शिकलेला माणूस, पण एका गावाला दोन नावं असू शकतात हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मग गाव सापडलं, गाडी सापडली, चौघांची माहिती भरली आणि शेवटी त्याचं कार्डच घेईना. दुसरं कार्ड घेईना, सुनेचं घेईना. चार दिवस तोच खेळ. अखेर लंडनातल्या एका एजंटाला फोन करून त्यानं तिकिटं मागवली. ती पोस्टानं आली, लांबट, पातळ कागदाची, पुठ्ठ्याच्या पाकिटात. त्यानं ती जेवणाच्या टेबलावर मांडली, एकेक, घरात पहिल्यांदा सोनं आल्यासारखी.

त्या तिकिटांचे नियम त्यानं वाचून दाखवले. तीच तारीख, तीच गाडी, तोच डबा, तीच खुर्ची. बदलता येणार नाही. परत देता येणार नाही. मध्ये उतरलात तर पुढचं तिकीट मेलं. कागद हरवला तर दुसरा मिळणार नाही. मी म्हटलं, हे तिकीट नव्हे, हे कोर्टाचं समन्स आहे. त्याला राग आला.

पण मी थट्टा करत नव्हते. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांच्या मध्ये बोलोन्या आहे, आणि बोलोन्यापासून अर्ध्या तासावर माझा धाकटा मुलगा राहतो.

धाकट्यानं लीड्सला डॉक्टरकी तिसऱ्या वर्षी सोडली. इटलीला गेला, फरशांच्या कारखान्यात लागला, तिथल्याच एका बाईबरोबर राहू लागला. बाप म्हणाला, मला तोंड दाखवू नकोस. त्यानं दाखवलं नाही. बाप गेला तेव्हा मी फोन केला तर म्हणाला, "जिवंत होते तेव्हा माझ्याशी बोलले नाहीत. आता राखेशी मी काय बोलू?" आणि आला नाही. मोठ्यानं सगळं एकट्यानं केलं आणि त्या दिवसापासून धाकट्याचं नाव टाकलं. दोघेही बापावर गेलेत. बाप हट्टी होता, आणि हट्टाला तो तत्त्व म्हणायचा.

धाकट्याला पाहून मला सात वर्षं झाली होती. रविवारी मोठा खरेदीला गेला की मी फोनवर त्याच्याशी बोलायची. आवाज जाडा झाला होता. माणूस कसा दिसतो हे फोनवर कळत नाही.

मी मोठ्याला म्हटलं, एक दिवस बोलोन्याला थांबू. त्यानं कागदावरून मान वर केली नाही.

"आई, तिकीट थेट आहे. मध्ये उतरता येत नाही."

"मग दुसरं काढ."

"गाडी तिथे तीन मिनिटं थांबते. त्याला यायचं असेल तर प्लॅटफॉर्मवर येऊ दे. तू खिडकीतून बघ."

नातीनं नंतर मला हळूच सांगितलं की त्या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत.

तेव्हा मला कळलं की ही आधी काढायची तिकिटं कशासाठी असतात. भावाचं तोंड बघायचं नाही असं तोंडानं म्हणायला माणसाला लाज वाटते. तिकिटावर छापून आणलं की वाटत नाही. मी एकटी जाईन असंही मनात आलं. पण माझा पासपोर्ट त्याच्या फाइलीत, विमानात मी कधी एकटी बसले नाही, आणि तिकडे उतरून कुणाला काय विचारायचं तेही येत नव्हतं. मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय आहे.

मग सुनेनं एक दिवस भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उलटलं आणि निघायच्या दिवशी अमावास्या निघाली.

माझी सून पुण्याची, कॉम्प्युटरमधली पदवी, सिटीतल्या बँकेत मोठी नोकरी. डोकं चांगलं आहे. अमावास्या आली की ते काढून बाजूला ठेवते. मुलाला म्हणाली, एक दिवस पुढे ढकला. मुलगा म्हणाला, विमान ढकललं तर रोमची गाडी जाईल, रोमची गाडी गेली तर व्हेनिसची जाईल, सगळं एकमेकांत अडकलं आहे. दोन दिवस ते घरात एकमेकांशी नातीमार्फत बोलले. तिला मराठी फार येत नाही, त्यामुळे भांडण तरी आटोपशीर झालं.

तोडगा काढला सुनेच्या आईनं, पुण्याहून फोनवर. प्रस्थान ठेवा म्हणाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाईट दिवशी निघावंच लागत असेल तर आदल्या दिवशी, चांगली वेळ बघून, सुपारी, तांदूळ आणि प्रवासातली एखादी वस्तू कापडात बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे आपण तेव्हाच घर सोडलं असं होतं. दुसऱ्या दिवशी जाताना गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. एकदा बाहेर गेलेलं गाठोडं परत घरात आणायचं नाही, नाहीतर केलेलं वाया. आमच्या गावात हे सगळे करत, माझी सासूही करायची. मला तेव्हाही वाटायचं की अमावास्या जर सुपारीला फसत असेल तर तिला भ्यायचं कशाला.

आदल्या दिवशी दुपारी सून कापड घेऊन माझ्याकडे आली.

"आई, आत कपडा ठेवू का? पण बॅगा भरून झाल्यात. काय ठेवायचं असतं नक्की?"

मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, "तिकिटं ठेव. तुझ्या नवऱ्याचा सगळा प्रवास त्यातच आहे."

मी टोमणा मारला होता. तिला तो सल्ला वाटला. तिनं ड्रॉवरमधून पाकीट काढलं, सुपारीबरोबर कापडात बांधलं, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी देऊन आली. मुलगा हॉस्पिटलात होता. सकाळी सांगेन म्हणाली, आत्ता सांगितलं तर चिडतील.

तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. हे मी स्वतःला वाचवायला लिहीत नाही, कारण पुढचं वाचवण्यासारखं नाही.

शेजारी एक गुजराती विधवा राहायची. युगांडाहून एका सुटकेसनिशी आलेली, माझ्याच वयाची. आमचं कुंपणावरून हिंदीत चालायचं, तिचं वाईट आणि माझं त्याहून वाईट. संध्याकाळी मी मागच्या अंगणात कपडे काढत होते, तर ती घाईघाईनं आली. लेस्टरच्या मुलीच्या पोटात दुखायला लागलंय, जावयाचा भाऊ पहाटेच न्यायला येतोय, आठवडाभर तरी घर बंद राहील, तेव्हा सुनेला सांगा, गाठोडं आत्ताच घेऊन जा.

मी म्हटलं, सांगते.

कपड्यांची टोपली घेऊन मी आत आले. सून इस्त्री करत होती. मुलगा यायचा होता. नातीनं कानात वायरी घातल्या होत्या. मी टोपली खाली ठेवली, एकेक कपडा काढून घडी घातली, सगळ्या घड्या झाल्या, आणि मी सांगितलं नाही.

गाठोडं घरात परत आणायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिले, असं मी मनाशी म्हटलं. रिवाजाचा असाही उपयोग होतो. खरं कारण इतकंच की त्या गाठोड्यात तिकिटं होती आणि त्या तिकिटांत बोलोन्याला उतरायचं नव्हतं. मी त्या रात्री चांगली झोपले.

सकाळी टॅक्सी दारात उभी राहिली. सून शेजारी गेली. बेल वाजवली, पुन्हा वाजवली, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून हाक मारली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मुलानं विचारलं काय झालं, आणि तिला सगळं सांगावं लागलं. त्यानं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "तिकिटं? सुपारीबरोबर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मीच म्हटलं होतं, तिकिटं ठेव." तेवढं खरं होतं, तेवढं सांगितलं.

तो शेजारच्या घराभोवती एक चक्कर मारून आला. मागच्या खिडकीची काच बोटानं वाजवून बघत होता. एवढा मोठा डॉक्टर, सकाळी सहा वाजता बाईच्या खिडकीत डोकावतोय. मी टॅक्सीतून म्हटलं, फोडायची तर लवकर फोड, विमान तुझ्यासाठी थांबणार नाही. तो येऊन बसला. विमानतळापर्यंत टॅक्सीवाला तेवढा हवामानावर बोलत होता.

रोमला पोचल्यावर त्यानं एजंटाला फोन लावला. एजंट म्हणाला, कागद तुमच्याकडे नाही म्हणजे तिकीट नाही, ते तर छापलंच आहे. हे नियम मुलानंच आम्हाला दोनदा वाचून दाखवले होते.

रोममध्ये आम्ही दोन दिवस पडक्या भिंती बघितल्या. लोक त्या बघायला जगभरातून येतात आणि भिंतीला पाठ करून स्वतःचाच फोटो काढतात. मुलगा मोबाइलवर कुणाकुणाशी बोलत फिरला, त्यानं भिंतीही पाहिल्या नाहीत. फ्लॉरेन्सला जायला त्यानं मशीनमधून महागडी तिकिटं काढली आणि संबंध वाट दुखऱ्या दातासारखी सहन केली. सून त्याच्यासमोर बसून खिडकीबाहेर पाहत होती. तिला मी मनात एकदा म्हटलं, तुझी चूक नाही. तोंडानं म्हटलं नाही.

फ्लॉरेन्सहून निघायच्या दिवशी तिकडे कसलासा सण होता. सुट्टीचे लोक सगळीकडे. तो मशीनपुढे उभा राहिला. व्हेनिसच्या जलद गाड्या भरलेल्या, चार जागा कुठेच नाहीत. तो बटणं दाबायचा, मागे जायचा, पुन्हा दाबायचा. मागची रांग वाढत होती. त्याच्या कपाळावर घाम आला. ज्याला दोन महिने आधी सगळं ठाऊक असतं त्याला आज काय करायचं ते कळत नाही.

मी नातीला म्हटलं, चल. आम्ही खिडकीपाशी गेलो. आत एक म्हातारा बसला होता, काहीतरी चघळत. मी म्हटलं, व्हेनेझिया, आणि चार बोटं दाखवली. त्यानं भराभर काही विचारलं. नात इंग्रजीत बोलली, ते त्याला नको होतं. मग मी कडेचं पेन घेतलं आणि त्याच्यापुढे कागद सरकवला. त्यानं दोन वेळा लिहिल्या, त्यांच्या मध्ये बोलोन्या लिहिलं, त्याच्याभोवती गोल केला आणि दोन बोटं उलटीपालटी करून दाखवली. सावकाश गाडी, बोलोन्याला बदलायची. दोन गाड्यांच्या मध्ये दोन तास.

मी मान हलवली. त्यानं चार तिकिटं दिली. त्यांवर खुर्ची नव्हती, डबा नव्हता, कुठली गाडी तेही नव्हतं. गाडीत चढायच्या आधी पिवळ्या मशीनमध्ये ठप्पा मारा, एवढं त्यानं हातानं समजावलं. मुलगा म्हणाला, तिकीट आहे ना, ठप्पा कशाला. मी चारही तिकिटांवर ठप्पे मारून आणले. गाडीत तपासनीस आला, त्यानं आमचे ठप्पे पाहिले आणि पुढे गेला. शेजारच्या बाकावरच्या दोन पोरींनी ठप्पा मारला नव्हता, त्यांना त्यानं तिथल्या तिथे दंड केला. मुलानं ते पाहिलं आणि नकाशा उघडून बसला.

चढायच्या आधीच मी नातीच्या मोबाइलवरून धाकट्याला फोन केला होता. दोन तास बोलोन्याला आहे, यायचं तर ये, म्हटलं. तो म्हणाला, कुठला प्लॅटफॉर्म. मी म्हटलं, स्टेशन तुमचं, तू शोध.

एक लांब बोगदा लागला. तो संपल्यावर मी मोठ्याला सांगितलं. त्यानं नकाशाची घडी घातली.

"हे तू ठरवून केलंस?"

"अमावास्येनं केलं," मी म्हटलं. "तुझ्या बायकोला विचार, ती कॅलेंडर वाचते."

धाकटा प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा होता. मी त्याच्यावरून पुढे गेले आणि मग परत वळले. डोक्याचे केस गेलेले, पोट सुटलेलं, बुटाच्या शिवणीत पांढरी धूळ. हुबेहूब बाप. हे मला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. तो पाया पडायला वाकला तेव्हा पाठीमागून त्याचा शर्ट वर गेला आणि मी तो खाली ओढला.

मोठा बॅगांशी उभा होता.

"काय दादा, गाडी वेळेवर आली," धाकटा म्हणाला.

"बारा मिनिटं उशिरा."

"इथे बारा मिनिटांना उशीर म्हणत नाहीत."

स्टेशनातल्या कॉफीच्या दुकानात सगळे उभ्यानं कॉफी पीत होते, आम्हीही प्यायलो. सुनेनं डब्यातल्या दशम्या काढल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मोठ्यानं तिकिटांची हकिकत सांगितली, एजंट, पाकीट, सुपारी, सगळं. धाकटा पोट धरून हसला. नातीला म्हणाला, "तुझा बाबा परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊन आपली खुर्ची बघून यायचा. एकदा बसून आला होता." नात हसली. सूनही हसली, चार दिवसांत पहिल्यांदा.

मोठा हसला नाही. कपातल्या साखरेकडे बघत म्हणाला, "तू आला नाहीस."

"नाही आलो."

"एका बाजूनं मी उचललं. बाकीच्या बाजूंना अंत्यविधीच्या कंपनीची माणसं होती. काळे कोट घातलेली. मला त्यांची नावंही ठाऊक नव्हती."

धाकट्यानं मोठ्याचा रिकामा कप उचलला, काउंटरवर गेला आणि दुसरी कॉफी घेऊन आला. त्याच्यापुढे ठेवली. मोठ्यानं ती प्यायली. याच्यापेक्षा जास्त काही झालं नाही. जास्त काही होईल असं मला वाटलंही नव्हतं.

व्हेनिसची गाडी लागली तेव्हा मी माझी बॅग बाजूला ओढली. मी इथेच राहते म्हटलं.

"आणि तुझं तिकीट?" मोठ्यानं विचारलं. तोंडातून निघालंच त्याच्या.

"मरू दे," मी म्हटलं.

मी तीन दिवस धाकट्याकडे राहिले. घर लहान. प्रत्येक खोलीत वेगळी फरशी, कारखान्यातल्या नापास झालेल्या मालाची, एकही ओळ सरळ नाही. त्याची बाई मोठ्यानं बोलते, आणि मला तिचं समजत नाही हे तिला पटत नाही. आम्ही दोघींनी समोरासमोर बसून शेंगा सोलल्या. ती दाणे फार हळू काढते. चौथ्या दिवशी त्यानं मला आपल्या मोटारीनं व्हेनिसच्या विमानतळावर सोडलं. मोठा बाहेर येऊन उभा होता. दोघांनी माझी एकच बॅग दोन बाजूंनी धरली, काही गरज नव्हती. व्हेनिस मी पाहिलं नाही. पाणीच आहे म्हणे.

आठवड्यानं शेजारीण लेस्टरहून आली. नातू झाला होता. पेढे घेऊन आली आणि सुनेच्या हातात गाठोडं दिलं. म्हणाली, मी तर आदल्या संध्याकाळीच आईंना सांगितलं होतं, घेऊन जा म्हणून, तुम्ही आलाच नाहीत.

मी खुर्चीत बसले होते. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी पेढा खात होते, तो खाऊन संपवला.

शेजारीण गेल्यावर तिनं गाठोडं टेबलावर सोडलं. तिकिटांचं पाकीट हळदीनं पिवळं झालं होतं. ते तिनं उघडलंही नाही, ड्रॉवरमध्ये मागे सारलं. तांदूळ अंगणात पाखरांना टाकले. मुलगा घरी आला, जेवला, बोलला, आम्ही पेंगलो, आणि तिनं त्याला काही सांगितलं नाही. त्यानंतरही कधी सांगितलं नाही, नाहीतर मला ऐकायला मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी हातात घेऊन ती माझ्याकडे आली. देवापुढे ठेवू का, म्हणाली.

"प्रस्थान लागू पडलं म्हणायचं, आई."

मी सुपारी उलटी करून बघितली. खालून किडली होती. मी म्हटलं, फेकून दे.